खंदकातून परतलेल्या पाद्र्यांचं काय झालं?

ऑगस्ट १९१४मध्ये ब्रिटिश लष्करात जेमतेम ११७ पाद्री होते. पहिलं महायुद्ध थांबलं तेव्हा हा आकडा तीन हजारांपलीकडे गेला होता. बहुतेकांची भरती हंगामी, त्यामुळे गणवेश उतरल्यावर पुढे काय, हा प्रश्न होताच.

ज्यांचं गावातलं चर्च आधीच नावावर होतं, ते निवांत परतले. इंग्लंडात तेव्हा अशी जागा म्हणजे जवळपास वतनच! नेमणुकीचा हक्क कुठे राजाकडे, कुठे बिशपकडे, कुठे ऑक्सफर्डच्या कॉलेजकडे, कुठे गावच्या उमरावाकडे. एकदा बसलेल्याला हलवणं बिशपलाही अवघड. नौदलात पाद्री असलेला हॅरल्ड डेव्हिडसन स्टिफकी या खेड्यातल्या आपल्या जागेवर परतला आणि आठवड्यातले बरेच दिवस लंडनमध्येच घालवू लागला. त्याच्या वर्तनावरून खटला होऊन पदच्युती व्हायला १९३२ उजाडलं.

पंचाईत स्वतःचं चर्च नसलेल्या सहायकांची, म्हणजे क्युरेटांची. डेव्हिड रेल्टन मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळवून फोकस्टनला क्युरेट म्हणूनच परतला. १९२०मध्ये त्याला मार्गेटचं चर्च मिळालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं वेस्टमिन्स्टर ॲबीच्या डीनना, म्हणजे तिथल्या प्रमुखांना, पत्र धाडून अनाम सैनिकाच्या समाधीची कल्पना मांडली. ११ नोव्हेंबरला ती प्रत्यक्षात आलीसुद्धा.

या सगळ्यांत जेफ्री स्टडर्ट केनेडीचं प्रकरण फार बोलकं आहे. फ्रान्समधल्या रुआँच्या स्टेशनावर आघाडीकडे निघालेल्या शिपायांना बायबल आणि वुडबाइन सिगारेटी वाटणारा हा माणूस ‘वुडबाइन विली’ म्हणून ओळखला जाई. १९१७मध्ये बेल्जियममधल्या मेसीनला गोळीबारात जखमींसाठी धावल्याबद्दल त्यालाही मिलिटरी क्रॉस मिळाला. त्याचं वुस्टरमधलं गरीब वस्तीचं चर्च शाबूत होतं, पण त्याला तिथे राहवेना. कामगारांच्या हलाखीवर गावोगाव बोलणाऱ्या माणसाला रोजचे बाप्तिस्मे आणि विवाह कसे पेलणार?

तोडगा निघाला तो चर्चच्या जुन्याच विसंगतीतून. लंडनच्या ‘सिटी’ भागात दिवसा बँका गजबजत, रात्री माणूस नसे. चर्चं मात्र ढीगभर. १९२२मध्ये केनेडीला लोंबार्ड स्ट्रीटवरचं सेंट एडमंड मिळालं. पगार चर्चचा, पायाला भिंगरी ‘इंडस्ट्रियल ख्रिश्चन फेलोशिप’ या कामगारांत काम करणाऱ्या संस्थेची. युद्धात बेल्जियममधल्या पोपरिंगेचं टॅल्बट हाउस हे सैनिकांचं विश्रामगृह चालवणाऱ्या पाद्री टबी क्लेटनलाही त्याच वर्षी टॉवर ऑफ लंडनजवळचं ऑल हॅलोज मिळालं. तिथून त्यानं टॅल्बट हाउसमधूनच उभी राहिलेली ‘टॉक एच’ ही संस्था जगभर पसरवली. रिकाम्या चर्चांचा इतका चांगला उपयोग त्याआधी क्वचितच कुणी केला असेल.

मात्र या शहाणपणामागे योजना नव्हती. ज्याचं नाव झालं, त्याची सोय झाली. बाकीच्यांचं नशीब नेमणूक करणाऱ्याच्या मर्जीवर राहिलं.

आणि नाव झाल्यानंही सगळं मिळत नव्हतं. केनेडी १९२९मध्ये लिव्हरपूलला दौऱ्यावर असताना वारला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याच्या दफनाला डीननं नकार दिला. त्याला वुस्टरमध्ये पुरण्यात आलं.