जुनी जखम, उतारवय आणि घरची सेवा

चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्याने वाटसरूच्या जखमा बांधल्या, हे आपल्या स्मरणात राहते. परंतु त्याने त्या माणसाला उतारशाळेत नेले, दुसऱ्या दिवशी खर्चाची तजवीज केली आणि परत येण्याचा शब्द दिला, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. समाजकार्यात ज्याला व्यक्तिसहाय्य कार्य किंवा रूढ शब्दात 'केसवर्क' म्हणतात, त्याचे मर्म या परत येण्यात आहे, असे आम्हांस वाटते. एकेका व्यक्तीची परिस्थिती समजून घेणे, तिच्याच संमतीने तिला हवी ती मदत मिळवून देणे आणि तिची सोबत न सोडणे, हे या कार्याचे स्वरूप होय.

तरुणपणी किंवा बालपणी भीषण आघात सोसलेली माणसे म्हातारपणी घरी राहत असतात, तेव्हा हे कार्य किती नाजूक होते, हे जगाला प्रामुख्याने शिकविले ते नाझी छळातून वाचलेल्या ज्यू वृद्धांनी. त्या संहारात सुमारे ६० लाख ज्यूंचे प्राण गेले. युद्ध १९४५ साली संपले; त्यामुळे वाचलेल्यांपैकी सर्वांत धाकट्यांनीही आता ऐंशीचा उंबरठा गाठला आहे. १९५१ साली स्थापन झालेली 'क्लेम्स कॉन्फरन्स' ही संस्था त्यांच्यासाठी जर्मनीकडून भरपाई व घरगुती सेवेचा निधी मिळविते. तिच्या जानेवारी २०२४ च्या अहवालानुसार असे सुमारे २,४५,००० लोक ९० हून अधिक देशांत हयात होते. न्यूयॉर्कमध्ये जर्मनीतून आलेल्या निर्वासितांसाठी १९३६ साली सुरू झालेली 'सेल्फहेल्प' ही संस्था आजही अशा वृद्धांना घरपोच साहाय्य देते.

इतक्या वर्षांनी जखम पुन्हा का उघडते? कर्त्या वयात संसार, नोकरी, मुलेबाळे यांत मन गुंतलेले असते. पुढे निवृत्ती येते, जोडीदार जातो, शरीर परावलंबी होते. असहायतेचा जुना अनुभव नव्या रूपाने समोर उभा राहतो. स्मृतिभ्रंश झाला तर कालचे विसरते, पण सत्तर वर्षांपूर्वीचे आजच घडत आहे असे वाटू लागते. मागून शिकलेली भाषा सुटते आणि माणूस बालपणीच्या भाषेत बोलू लागतो.

अशा वेळी साध्या गोष्टीही भयप्रद ठरतात. शॉवरखालचे स्नान, डॉक्टरांचा पांढरा कोट, गणवेशातील माणूस, लांब रांग किंवा मोठ्याने दिलेली आज्ञा यांनी छळछावणीची आठवण जागी होऊ शकते. कोणी उशीखाली पावाचे तुकडे लपवून ठेवतो. अनभिज्ञ सेवकाला हा हट्ट किंवा वेड वाटते. जाणकार कार्यकर्ता मात्र पाव फेकून देत नाही. तो रोज ताजा पाव मिळेल याची खात्री पटवून देतो. स्नानाची सक्ती करण्याऐवजी बादलीतले पाणी चालेल का, केव्हा चालेल, असे विचारतो. दार वाजवून आत येतो आणि पुढे काय करणार ते आधी सांगतो. ज्याच्याकडून एकदा सर्व निर्णय हिरावून घेतले गेले, त्याला लहानसहान निर्णय परत देणे हाच येथे उपचाराचा भाग असतो. स्वतःच्या घराची किल्ली आपल्या हाती असणे म्हणूनच त्याला मोलाचे वाटते.

मात्र या वृद्धांना केवळ पीडित समजणे अन्यायाचे ठरेल. त्यांतील अनेकांनी शून्यातून संसार उभारले. कार्यकर्ता त्या सामर्थ्यालाही हाक घालतो. आणि त्यांनी स्वतःहून सांगितल्याविना जुनी कहाणी खोदून काढीत नाही.

हा धडा आपल्यालाही लागू आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूर परिसर भूकंपाने उद्ध्वस्त झाला, हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गेली. त्या वेळी चाळिशीत असलेले लोक आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. नवी घरे उभी राहिली, परंतु छताखाली झोपण्याची भीती घराबरोबर बदलत नाही. आपल्या धर्मग्रामांतही दंगल, पूर, अपघात वा घरातला अत्याचार सोसून गप्प राहिलेले आजी-आजोबा असतील. दुःखाच्या दिवशी आपण सारे धावतो. वर्षभराने कोण जातो? आम्ही धर्मगुरूही याला अपवाद नाही.

मुंबईत १९५५ साली धर्मभगिनींनी सुरू केलेले 'निर्मला निकेतन' समाजकार्य महाविद्यालय आजवर कार्यकर्ते घडवीत आले आहे. त्यांच्यासारख्यांचे मार्गदर्शन धर्मग्रामांनी अवश्य घ्यावे. आजाऱ्यांना घरी पवित्र कम्युनियन नेणारे सेवक आणि सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे सभासद यांना आमची विनंती आहे, की एका वृद्धाकडे शक्यतो एकाच व्यक्तीने, ठरलेल्या दिवशी, नियमाने जावे. ऐकलेले ओटीवर बोलू नये. झोप उडणे, अन्न लपविणे, स्नानाला नकार अशी लक्षणे दिसल्यास दटावू नये. कुटुंबाशी बोलून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी १४४१६ हे शासकीय दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहेत.

पुढील भेटीचा दिवस त्या आजी-आजोबांना सांगूनच निरोप घ्यावा, आणि त्या दिवशी न चुकता जावे.