जेवणाच्या टेबलावरची गुणसूत्रं

सत्तरच्या दशकाची सुरुवात. शिकागोतल्या रौली कुटुंबात मुलांना एक सक्त ताकीद होती: आई जेवणाच्या टेबलावर काम करत असेल तेव्हा जवळ येऊन शिंकायचं नाही. टेबलावर सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या छायाचित्रांतली गुणसूत्रं कात्रीने एकेक कापून मांडलेली असत. आई कागदाच्या बाहुल्या खेळते, अशी चारही मुलगे थट्टा करत.

डॉ. जॅनेट रौली यांचा जन्म १९२५चा, न्यूयॉर्कचा. पंधराव्या वर्षीच त्या शिकागो विद्यापीठात दाखल झाल्या. वैद्यकीय शाखेत ६५ जागा, त्यांतल्या मुलींसाठी फक्त तीन, आणि त्या आधीच भरलेल्या. नऊ महिने थांबून त्यांना प्रवेश मिळाला. १९४८ साली पदवी हाती आली आणि दुसऱ्याच दिवशी डोनाल्ड रौली यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढे संसार, मुलं आणि अर्धवेळ काम. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या दवाखान्यात त्या आठवड्यातून तीन दिवस जात. या मुलांच्या पेशींत २१ क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्त असतं, हे १९५९मध्ये उघड झालं आणि रौलींचं कुतूहल चाळवलं.

पतीच्या कामानिमित्त ऑक्सफर्डला राहायला मिळालं, तिथे त्या गुणसूत्रं तपासण्याचं तंत्र शिकल्या. १९६२मध्ये परतल्यावर शिकागो विद्यापीठातले संशोधक लिऑन जेकबसन यांच्याकडे त्यांनी एवढंच मागितलं: एक सूक्ष्मदर्शक, बसायला जागा आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईंचा पगार निघेल इतकं मानधन. वर्षाला ५,००० डॉलर ठरले. नक्की काय सापडेल, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. अनुदानाच्या अर्जातच निष्कर्ष विचारणाऱ्या आजच्या समित्यांसमोर त्यांचा निभाव लागला असता का, कोण जाणे!

फिलाडेल्फियात १९६०मध्ये पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरमध्ये एक गुणसूत्र नेहमीपेक्षा आखूड दिसलं होतं. तुकडा गळून हरवला असावा, असा सर्वसाधारण समज झाला. खातरजमा करणं अवघड होतं, कारण जुन्या पद्धतीने रंगवलेली गुणसूत्रं बरीचशी एकसारखीच दिसत. १९७०च्या सुमारास नवं तंत्र आलं. क्विनाक्रिन हे रंगद्रव्य लावून अतिनील प्रकाशात पाहिलं की गुणसूत्रावर उसाच्या कांडाला पेरं असावीत तसे आडवे पट्टे उमटत, आणि प्रत्येक जोडीचे पट्टे वेगळे. रौली ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मुक्कामात हे शिकून आल्या.

१९७२मध्ये त्यांना ल्युकेमियाच्या आणखी एका प्रकारात ८ आणि २१ या गुणसूत्रांनी आपसांत तुकडे बदललेले दिसले. मग त्यांनी ते जुनं आखूड गुणसूत्र पुन्हा तपासायला घेतलं. ते २२ क्रमांकाचं होतं. आणि त्याच पेशींत ९ क्रमांकाच्या एका गुणसूत्राच्या टोकाला जास्तीचा तुकडा होता. म्हणजे काहीच हरवलं नव्हतं, तुकडा दुसरीकडे जाऊन बसला होता. १९७३मध्ये ‘नेचर’ने हे छापलं. दाद मात्र लगेच मिळाली नाही. गुणसूत्रांची मोडतोड हा कॅन्सरचा परिणाम आहे, कारण नव्हे, असंच बहुतेकांना वाटे. पण एका आजारात दरवेळी नेमकी तीच अदलाबदल कशी होईल? १९७७मध्ये रौलींनी आणखी एका ल्युकेमियात १५ आणि १७ यांची अदलाबदल दाखवली, तेव्हा योगायोगाचा मुद्दा आणखी लंगडा पडला.

ऐंशीच्या दशकात उलगडा झाला. ९ वरचं ‘एबीएल’ जनुक २२ वरच्या ‘बीसीआर’ला जोडलं जातं आणि त्या जोडजनुकापासून एक बिघडलेलं विकर तयार होतं. मूळ विकर गरजेपुरतं काम करून थांबतं, हे थांबतच नाही. परिणामी पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. नेमकं हेच विकर अडवणारं औषध म्हणजे इमॅटिनिब. अमेरिकेतले डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांच्या सुरुवातीच्या चाचणीत पुरेसा डोस घेतलेल्या ५४पैकी ५३ रुग्णांचं रक्त पूर्ववत झालं. मे २००१मध्ये अमेरिकेने औषधाला मान्यता दिली.

भारतात या गोळीची कहाणी कोर्टात गेली. ते बनवणाऱ्या नोव्हार्टिस कंपनीच्या गोळ्यांना महिन्याला लाख रुपयांच्या वर खर्च येई, तर भारतीय कंपन्यांच्या त्याच औषधाला सुमारे आठ-दहा हजार. नोव्हार्टिसच्या पेटंटच्या अर्जाला हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचं अपील फेटाळलं आणि स्वस्त गोळ्यांचा रस्ता खुला राहिला.

रौलींना १९९८मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला, तोही त्या आखूड गुणसूत्राच्या नोवेल यांच्यासोबत. २००९मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक मिळालं. ऐंशी ओलांडल्यावरही त्या प्रयोगशाळेत सायकलने जात. डिसेंबर २०१३मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी ओळखलेली ९ आणि २२ची अदलाबदल आज या आजाराच्या निदानाचा पुरावा मानली जाते, आणि गोळी लागू पडते आहे का, हे पाहायला रुग्णाच्या रक्तातलं बीसीआर-एबीएलचं प्रमाण दर काही महिन्यांनी मोजलं जातं.