मैफल एकच, तबकड्या अनेक

गेल्या काही वर्षांत पुण्यातल्या काही दुकानांतून काळ्या तबकड्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. जुन्या, हाताळलेल्या तबकड्यांच्या शेजारी कोऱ्या, वेष्टनातल्या तबकड्याही असतात. त्यांच्यावरची मैफल मात्र पुष्कळदा पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची असते. मग प्रश्न पडतो, की जुन्या तबकडीवरून ही नवी काढली का? सहसा तसे करत नाहीत. नवी तबकडी ही जुनीची मुलगी नव्हे, धाकटी बहीण म्हणता येईल. दोघींची आई एकच, ती म्हणजे मैफलीच्या वेळी मुद्रित झालेली मूळ चुंबकीय फीत. हे नाते नीट कळले, तर तबकडीवर काय ऐकू येते आणि काय येत नाही, याचा उलगडा होतो.

एक प्रसिद्ध उदाहरण घेऊ. १९६७ च्या जूनमध्ये १६ ते १८ तारखांना अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मॉन्टेरी या गावी एक मोठा संगीत महोत्सव झाला. सायकेडेलिक रॉक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संगीताचा तो बहराचा काळ. लांबलचक उत्स्फूर्त वादन, घुमणारे आणि मुद्दाम विरूप केलेले आवाज, आणि नशेच्या द्रव्यांनी भारलेल्या मनःस्थितीशी जोडलेले नाव, ही या संगीताची लक्षणे. (ही शेवटची जोड रविशंकरांना कधी रुचली नाही आणि ते त्यांनी वेळोवेळी उघड सांगितले.) १८ तारखेची दुपार रविशंकरांच्या सतारीसाठी राखून ठेवली होती. तबल्यावर होते मुंबईचे उस्ताद अल्लारखा आणि तानपुऱ्यावर कमला चक्रवर्ती. त्याच रात्री त्याच मंचावर जिमी हेंड्रिक्सने गिटार वाजवली आणि शेवटी ती पेटवून दिली.

सतारीची ती दुपार तबकडीवर आली ती तासाभरापेक्षाही कमी. हेंड्रिक्सचे वादन १९७० मध्ये निघाले तेव्हा त्याला तबकडीची एकच बाजू मिळाली. दुसऱ्या बाजूवर ओटिस रेडिंग हा गायक होता. १९८६ मध्ये आणि पुन्हा २००७ मध्ये त्याच रात्रीच्या तबकड्या नव्याने निघाल्या, या वेळी जवळजवळ सगळ्या वादनासह. वादन एकाच रात्रीचे, तरी तीन वेळा तीन तबकड्या का निघाव्यात? व्यापार हे एक कारण झालेच. पण दुसरे कारण भौतिकशास्त्रात आहे आणि ते वर्गात फळ्यावर मांडता येते.

बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. एका बाजूवर २२ मिनिटांचे संगीत आहे असे समजा. म्हणजे सुमारे ७३३ फेरे झाले. खाच बाहेरून, केंद्रापासून साधारण १४६ मिलिमीटरवर सुरू होते आणि आत ६० मिलिमीटरच्या आसपास संपते. म्हणजे ८६ मिलिमीटरच्या पट्ट्यात ७३३ फेरे बसवायचे. भागाकार केला, की दोन शेजारच्या खाचांमधले अंतर येते ०.१२ मिलिमीटरच्या आत, जवळपास केसाच्या जाडीइतके. खाचेची एकूण लांबी काढायला विद्यार्थ्यांना सांगावे. सरासरी त्रिज्या १०३ मिलिमीटर धरली तर उत्तर ४७४ मीटर येते. मैदानावरच्या ४०० मीटरच्या धावपट्टीची एक फेरी आणि वर थोडे!

आता खरी अडचण पाहू. तबकडीच्या फेऱ्यांचा वेग कायम असला, तरी सुईखालून खाच सरकण्याचा वेग कायम नसतो. बाहेरच्या कडेला तो सेकंदाला ५१ सेंटिमीटर असतो, तर आतल्या टोकाला फक्त २१. दर सेकंदाला १०,००० कंपने असलेला उंच स्वर घेतला, तर त्याची एक लाट बाहेर ०.०५ मिलिमीटर जागेत पसरते आणि आत ०.०२ मिलिमीटरमध्ये कोंबली जाते. साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्याच ०.०१८ मिलिमीटरच्या जवळपास असते. बैलगाडीचे चाक बारीक खडबडीवरून जाताना खळग्यात न उतरता वरून निघून जाते, तशी सुई त्या बारीक लाटांवरून निघून जाते. परिणामी बाजूच्या शेवटी आवाज मलूल आणि किंचित फाटका होतो.

मैफल कशी रचलेली असते ते आठवा. आलाप, मग जोड, मग झाला. किंवा विलंबित आणि मग द्रुत. रॉकवाल्यांचेही तेच. सर्वांत जोरकस, सर्वांत झगमगीत भाग शेवटी येतो, म्हणजे तबकडीवर नेमका अशा जागी, जिथे खाच सर्वांत हळू सरकते. हेंड्रिक्सच्या एका बाजूवरचे शेवटचे गाणे गिटार पेटवली तेच आहे. संगीताचा चढता आलेख आणि तबकडीची उतरती क्षमता यांची गाठ अशी पडते. माझ्या मते तबकडीवरच्या मैफलींबद्दलची ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तबकडीचा आवाज ‘उबदार’ असल्याचे गोडवे गाणारे लोक हिचा उल्लेख क्वचितच करतात.

खर्जाची अडचण वेगळी आहे. कापणाऱ्या सुईचा कंपनवेग सारखाच ठेवला, तर ५० हर्ट्‌झचा स्वर १,००० हर्ट्‌झच्या स्वरापेक्षा २० पट रुंद झोका घेतो. मग शेजारच्या खाचेत घुसू नये म्हणून खाचा दूर ठेवाव्या लागतात आणि वेळ कमी मावतो. यावर तोडगा असा, की कापताना खर्ज दाबायचा, उंच स्वर उचलायचे आणि वाजवताना बरोबर उलट करायचे. १९५४ पासून यासाठी एकच प्रमाण वक्र रूढ झाला. त्यानुसार वाजवताना २० हर्ट्‌झचा स्वर १,००० हर्ट्‌झच्या तुलनेत सुमारे ९ पट मोठा केला जातो आणि २०,००० हर्ट्‌झचा तेवढाच लहान. उंच स्वर लहान करताना खाचेची खरखरही लहान होते, हा दुहेरी फायदा.

हेंड्रिक्सच्या गिटारीने या तोडग्याचीही परीक्षा पाहिली. स्नेहसंमेलनात मायक्रोफोन लाउडस्पीकरसमोर आला की कर्कश शीळ सुरू होते, तो प्रकार शिक्षकांना चांगलाच परिचित आहे. लाउडस्पीकरचा आवाज मायक्रोफोनमध्ये, तिथून पुन्हा लाउडस्पीकरमध्ये, असे चक्र सुरू होते. गिटारीत मायक्रोफोनच्या जागी तार असते. मोठ्या आवाजाने तार आपोआप थरथरत राहते आणि स्वर विझतच नाही. आपण जो प्रकार टाळतो, तो हेंड्रिक्सने वाद्यासारखा वापरला. असा अखंड मोठा स्वर खाचेला सतत रुंद ठेवतो. उलट तानपुऱ्यावर संथ चाललेला आलाप जागा कमी खातो, पण त्याच्या शांततेत तबकडीची प्रत्येक टिकटिक ऐकू येते.

या सगळ्यांतून मार्ग दोनच आहेत. एक, बाजूवर कमी संगीत ठेवून आतली वर्तुळे मोकळी सोडणे. म्हणून एकेकाळी एका तबकडीवर असलेली मैफल आता कधी कधी दोन तबकड्यांवर निघते. दुसरा, वेग वाढवणे. ४५ फेऱ्यांची तबकडी तीच लाट १.३५ पट लांब पसरवते. उलट दिशेचे उदाहरण अंतराळात आहे. १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरील तबकड्या १६⅔ फेऱ्यांच्या आहेत. उंच स्वरांची थोडी किंमत मोजून वेळ मिळवला, आणि त्या वेळात गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवीही बसली.

मूळ फीत हाती असेल तरच यातले काही करता येते. मॉन्टेरीला वाद्ये आणि गळे फितीवर वेगवेगळ्या मार्गांवर मुद्रित झाले होते, म्हणून २००७ मध्ये त्यांचे मिश्रण नव्याने करता आले. त्या मिश्रणावरून लाखेसारख्या लेपाच्या ॲल्युमिनियम चकतीवर खाच कापतात, चकतीवर चांदीचा पातळ थर देतात, विद्युत्‌विलेपनाने निकेलचे उलटे साचे काढतात आणि त्यांत तापलेले पीव्हीसी दाबतात. लेपाच्या अशा चकत्या बनवणारे जगात दोनच मोठे कारखाने उरले होते. त्यांपैकी कॅलिफोर्नियातील कारखाना फेब्रुवारी २०२० मध्ये जळाला आणि जगभरचे तबकडीवाले हवालदिल झाले.

मिश्रण संगणकातून गेले की तबकडी ‘अशुद्ध’ होते, असे पुष्कळांचे मत आहे. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या पुनर्निर्मित तबकड्यांत कित्येक वर्षे अंकीय टप्पा वापरला जात असल्याचे उघड झाले. तोवर कान तयार असलेल्या रसिकांनीही त्या तबकड्यांची वाखाणणी केली होती. मतापेक्षा कानांची ही साक्ष मला जास्त बोलकी वाटते.

स्टॉपवॉच घेऊन करण्याजोगा एक प्रयोग सांगतो. शांततेनंतर जोरात सुरू होणारे संगीत शोधा. कधी कधी सुरुवातीच्या आधीच तेच संगीत अगदी क्षीण, भुतासारखे ऐकू येते. हे भूत कुठले? खाच कापताना शेजारच्या खाचेची भिंत किंचित ढकलली गेली असेल, तर भूत बरोबर एक फेरा आधी येते, म्हणजे १.८ सेकंद. तबकडीच्या कोणत्याही भागात हे अंतर बदलत नाही. फीत गुंडाळलेली असताना एका थराच्या चुंबकत्वाने शेजारचा थर भारला गेला असेल, तर अंतर रिळाच्या त्या जागच्या परिघावर ठरते. सेकंदाला ३८ सेंटिमीटर वेगाच्या फितीत १२ सेंटिमीटर त्रिज्येला ते सुमारे २ सेकंद येते, तर ६ सेंटिमीटरला १ सेकंद. अनेक जागी मोजून अंतर बदलते का, ते पाहायचे. बदलले तर भूत फितीतले. नव्या तबकडीत ते ऐकू आले, तर मुद्रणाच्या साखळीत कुठेतरी फीत होती याची ही एक खूणही ठरते. आणखी एक बारकावा असा, की फीत शेवट बाहेर ठेवून गुंडाळली तर ठळक भूत स्वराच्या नंतर येते आणि स्वराच्याच घुमाऱ्यात झाकले जाते. म्हणून जाणकार फीत वाजवून झाल्यावर तशीच ठेवतात, उलटी गुंडाळत नाहीत.

फिती मात्र टिकतीलच असे नाही. २००८ मध्ये हॉलिवूडमधील युनिव्हर्सल स्टुडिओच्या आगीत मूळ फितींचा मोठा साठा गेला. आग न लागताही रसायनशास्त्र आपले काम करत असते. ॲसिटेटच्या जुन्या फितींना कालांतराने शिरक्याचा वास येतो, त्या आक्रसतात आणि ठिसूळ होतात. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून निघालेल्या काही नामांकित फितींत चुंबकीय कण धरून ठेवणारे पॉलियुरेथेन हवेतल्या बाष्पाने विघटित होते. फीत चिकट होऊन वाजवताना कण खरवडले जातात. त्यामुळे १९७८ ची फीत १९६७ च्या फितीहून वाईट अवस्थेत सापडते, असेही घडते. अशा चिकट फिती पन्नासएक अंश सेल्सिअसला काही तास शेकून तात्पुरत्या वाजवण्याजोग्या करतात. हाच उपाय ॲसिटेटच्या फितीचा मात्र नाश करतो. म्हणून आधी ओळख, मग उपचार.

पुण्यात १९५३ पासून सवाई गंधर्व महोत्सव भरतो आहे, गणेशोत्सवातल्या मैफली त्याहून जुन्या. श्रोत्यांनी घरगुती यंत्रांवर मुद्रित केलेल्या फिती आणि कॅसेट माळ्यांवर आणि कपाटांत पडून आहेत, आणि प्रत्येक पावसाळा त्यांच्यावरून जातो. या सर्वच काही तबकडीवर येणार नाहीत. पण ज्यांची दुसरी प्रत नाही, त्यांची आई गेली की बहीण जन्मणे शक्य नाही. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत मुंबईत १९९० मध्ये सुरेश चांदवणकरांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था उभी केली आणि संग्राहकांना एकत्र आणले. घरगुती फितींचे काम अजून बरेचसे ज्याच्या-त्याच्यावरच आहे.

शाळेतल्या मुलांना हे काम जमण्यासारखे आहे. प्रथम कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे मोडायचे, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही मुद्रित होत नाही. पांढरी बुरशी दिसली तर फीत वाजवायची नाही, कारण बुरशी यंत्रात आणि तिथून पुढच्या फितीत जाते. ती वेगळी, कोरड्या जागी ठेवून जाणकाराकडे द्यायची. चांगल्या फिती संगणकावर उतरवताना आवाज दाबून लहान न करता २४ बिटांत साठवायचा. वेष्टनावरचे हस्ताक्षर, तारीख, राग, साथीदार या सर्वांचे छायाचित्र काढून ठेवायचे, आणि ज्यांनी मुद्रण केले ते हयात असतील तर या आठवड्यातच जाऊन विचारायचे, की त्या रात्री तबल्यावर कोण होते.