मोफत आणि मुक्त : प्राथमिक वर्गातील आंतरजालीय साहित्य

आंतरजालावर पैसे न मोजता मिळणारे सगळेच शैक्षणिक साहित्य मुक्त असते असे नाही, आणि प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने हा भेद मोलाचा आहे. जे नुसते पाहता किंवा वाचता येते ते मोफत. परंतु जे उतरवून घेता येते, छापता येते, आपल्या वर्गाला साजेल असे बदलता येते आणि बदललेल्या रूपात पुन्हा इतरांना देता येते, तेच खऱ्या अर्थाने मुक्त. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा युनेस्कोच्या २००२ मधील एका बैठकीतून पुढे आली, आणि त्याच वर्षी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ या संस्थेचे पहिले परवाने प्रसिद्ध झाले. या परवान्यांनुसार लेखक स्वामित्वहक्क स्वतःकडे राखूनही वापराच्या ठरावीक मुभा सर्वांना आधीच देऊन ठेवतो.

महाराष्ट्रातील शिक्षकांना या जगाची ओळख बहुधा पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोडमधून, म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचता येणाऱ्या चौकोनी ठिपक्यांच्या खुणेतून झाली. २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावरील ध्वनिचित्रफिती या खुणेने धड्याला जोडल्या जातात. ही सोय मोठी आहे, पण फीत संपली की वर्ग पुन्हा होता तिथेच येतो, कारण मुलांच्या हातात काहीच उरलेले नसते.

हाताला काम देणारे साहित्य अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर सापडते. पुण्यातील आयुका या संस्थेच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंपासून खेळणी घडवली आणि त्यांच्या कृती विनामूल्य खुल्या केल्या. काड्यापेटीतील गुल काढलेल्या काड्या आणि सायकलच्या दुकानात मिळणाऱ्या व्हॉल्व्हट्यूबचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे एवढ्यावर भूमितीचा अख्खा तास उभा राहतो. चार काड्या जोडून केलेला चौरस बोटाने रेटला की कलंडतो आणि त्याचा तिरका समभुज चौकोन होतो. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चौरसात कर्णाच्या मापाची पाचवी काडी बसवली की तोही ताठ होतो, आणि मग शाळेच्या पत्र्याखालील कैचीत किंवा शेतातील विजेच्या मनोऱ्यात इतके त्रिकोण का असतात, हे मुले स्वतःच सांगू लागतात. येथे आंतरजाल शिक्षकाला आदल्या संध्याकाळी एकदाच लागते. वर्गात पडदाही नको आणि रेंजही नको.

भाषेच्या तासाला असाच आधार ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’चा होतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या मंचावरील सचित्र गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत : पहिल्या पातळीवर अडीचशेहून कमी शब्द आणि ओळखीच्या शब्दांची पुनरावृत्ती, तर चौथीवर सलग वाचणाऱ्यांसाठी लांब मजकूर. द्विशिक्षकी शाळेत, जिथे एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता बसतात, तिथे ही विभागणी फार उपयोगी पडते. एक गट शिक्षकासोबत गणित करत असताना दुसऱ्याला आपापल्या पातळीची छापील गोष्ट वाचायला देता येते.

मुक्त परवान्याचे खरे बळ मात्र अनुवादात दिसते. धडगावच्या डोंगरात पावरी बोलत शाळेत येणाऱ्या पहिलीच्या मुलाला प्रमाण मराठी ही जवळजवळ नवी भाषा असते, आणि त्याच्या बोलीत छापलेली पुस्तके बाजारात सहसा मिळत नाहीत. अशा वेळी शिक्षक ‘स्टोरीवीव्हर’वरील गोष्टीची चित्रे तशीच ठेवून मजकूर पावरीत उतरवू शकतो, अडलेले शब्द गावातील आजीला विचारून घेऊ शकतो, आणि एका पानावर मराठी, समोरच्या पानावर पावरी अशी पुस्तिका तालुक्याच्या गावी छापून आणू शकतो. परवान्याची अट एवढीच, की मूळ लेखक, चित्रकार आणि प्रकाशक यांची नावे व परवान्याचा उल्लेख नोंदवावा आणि काय बदलले ते सांगावे. त्या नावांखाली अनुवादक म्हणून वर्गशिक्षकाचे, आणि शब्द पुरवणारी आजी राजी असेल तर तिचेही नाव छापता येते.