पिशवीचा खरा हिशेब
वस्तू पर्यावरणास अनुकूल आहे की नाही, हे केवळ तिच्या रूपावरून ठरत नाही. कच्चा माल, निर्मिती, वाहतूक, वापर व विल्हेवाट या सर्व अवस्थांतील भार मोजावा लागतो. यालाच जीवनचक्र विश्लेषण म्हणतात. इंग्लंडच्या शासकीय पर्यावरण संस्थेने २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, एकदाच वापरलेल्या पातळ प्लॅस्टिक पिशवीपेक्षा हवामानावरील भार कमी ठरण्यासाठी सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरावी लागते. म्हणजे दर आठवडी बाजाराला एकदा, याप्रमाणे सुमारे अडीच वर्षे. याचा अर्थ प्लॅस्टिक निर्दोष आहे, असा नव्हे. फेकलेल्या पिशव्यांनी गटारे तुंबतात, गुरे दगावतात. ही हानी त्या आकड्यात धरलेली नाही. तेव्हा समारंभात नव्या पिशव्या वाटण्याऐवजी जुन्या लुगड्याची पिशवी शिवून ती विरेपर्यंत वापरणे, हेच सर्वांच्या हिताचे होय.