प्रेक्षक आणि पाठीराखा : महाविद्यालयीन फुटबॉलच्या संदर्भात

सामना पाहावयास येणाऱ्या माणसासाठी मराठीत दोन शब्द आहेत. एक ‘प्रेक्षक’ आणि दुसरा ‘पाठीराखा’. पहिला संस्कृत ‘ईक्ष्’ धातूपासून आलेला असून त्यात केवळ पाहण्याची क्रिया अभिप्रेत आहे. दुसरा ‘पाठ’ आणि ‘राखणे’ यांच्या योगाने बनलेला असून त्यात नाते अभिप्रेत आहे. लढणाऱ्याच्या मागे जो उभा राहतो, तो पाठीराखा. रस्त्याने जाणारा कोणीही मैदानाच्या कडेला थांबला की प्रेक्षक होतो. पाठीराखा व्हावयास मात्र त्याला आधी कोणत्या तरी पक्षाचे व्हावे लागते. महाविद्यालयांच्या फुटबॉल सामन्यांना विद्यार्थी येत नाहीत, अशी तक्रार क्रीडाशिक्षक आणि खेळाडू नेहमी करतात, आणि तिचे कारण बहुधा विद्यार्थ्यांची उदासीनता हे सांगितले जाते. हे निदान कितपत खरे आहे, याचा विचार खडकी आणि तिच्या परिसराच्या निमित्ताने येथे केला आहे.

खडकीची निवड सहेतुक आहे. 5 नोव्हेंबर 1817 च्या लढाईनंतर येथे इंग्रजांची लष्करी छावणी वसली. 1869 मध्ये दारूगोळ्याचा कारखाना निघाला. बॉम्बे सॅपर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अभियंता दलाचे केंद्रही येथेच आहे. हिंदुस्थानात फुटबॉल रुजला तो मुख्यतः अशा छावण्यांतून. सिमल्यास 1888 मध्ये सुरू झालेली ड्युरँड स्पर्धा आणि मुंबईस 1891 मध्ये सुरू झालेली रोव्हर्स स्पर्धा या दोन्हींचे आरंभीचे विजेते गोऱ्या पलटणींचेच संघ होते. पलटणीच्या सामन्यास प्रेक्षक कोठून आणावयाचे, हा प्रश्न कधी पडला नाही. संध्याकाळचा खेळ हा दिनक्रमाचाच भाग असे, मैदान बराकींच्या शेजारी असे, आणि खेळणारा हा पाहणाऱ्याच्याच तुकडीतला असे. आज खडकीत खडकी शिक्षण संस्थेचे टिकाराम जगन्नाथ महाविद्यालय आहे आणि गणेशखिंडीचे विद्यापीठ लागूनच आहे. सारांश, या परिसरात खेळाची परंपराही आहे आणि तरुण विद्यार्थीही आहेत. उणीव अन्यत्र शोधली पाहिजे.

ती सामन्याच्या मांडणीत सापडते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा प्रायः बाद पद्धतीने होतात. एखादे महाविद्यालय यजमान असते आणि तेथेच सर्व संघ जमतात. त्यामुळे बहुतेक संघांना ते मैदान परके असते. सामने कामाच्या दिवशी, तासांच्या वेळी होतात. प्रतिस्पर्धी चिठ्ठ्यांनी ठरतो आणि पुढल्या वर्षी बदलतो. एक पराभव झाला की त्या वर्षाचा खेळ संपला; पुष्कळदा सामना होऊन गेल्यावरच तो झाला होता हे महाविद्यालयास कळते. शिवाय नियमही एकांगी आहेत. खेळाडूला हजेरीत सवलत मिळते, क्रीडानैपुण्याबद्दल वाढीव गुणांचीही तरतूद असते. त्याच्यासाठी ओरडावयास गेलेल्या वर्गमित्राची मात्र गैरहजेरी लागते. म्हणजे सामना हा अकरा जणांचा खाजगी व्यवहार आहे, असे संस्थेनेच जणू ठरवून टाकलेले असते. अशा सामन्यास विद्यार्थी न गेला, तर त्याला उदासीन म्हणणे न्याय्य नव्हे.

याच विद्यार्थ्याच्या निष्ठेचे दुसरे रूप पाहावयाचे असल्यास पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात जावे. महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक या एकांकिका-स्पर्धेत नाट्यगृह विद्यार्थ्यांनी भरून जाते. तेथेही प्राथमिक फेरीत प्रत्येक महाविद्यालयास एकच प्रयोग मिळतो आणि तेथेही बहुसंख्य संघ बाद होतात. तरीही विद्यार्थी येतात. कारण स्पर्धेचा हंगाम आणि स्थळ ठरलेले आहे, प्रयोगाचा दिवस आधी कळतो, प्रतिस्पर्धी महाविद्यालये तीच आहेत आणि त्यांचे विद्यार्थी त्याच सभागृहात बसलेले असतात. मुख्य म्हणजे तेथे काय ओरडावयाचे हे सर्वांस ठाऊक असते.

‘अरे, आवाज कुणाचा?’ ही ती आरोळी. भाषिक दृष्ट्या ती लक्षणीय आहे. रूपाने हा प्रश्न आहे, परंतु विचारणारा आणि उत्तर देणारा गट एकच आहे. म्हणून माहिती मिळवणे हा तिचा हेतू नव्हे. उत्तर षष्ठीतच द्यावे लागते, आणि त्या षष्ठीच्या जागी महाविद्यालयाचे नाव बसते. अर्थात, ही आरोळी म्हणजे स्वामित्वाची घोषणा होय. एकाने उचलावयाचे आणि सर्वांनी पुरे करावयाचे, ही रचनाही महाराष्ट्रास नवी नाही. ‘गणपती बाप्पा’ म्हटले की ‘मोरया’ आपोआप येते. वारीत ‘पुंडलिक वरदे’ला ‘हरि विठ्ठल’ची जोड मिळते. नवा माणूस पहिल्याच दिवशी दुसऱ्या अर्ध्यात सामील होऊ शकतो, हे या द्विखंड घोषाचे सामर्थ्य आहे. प्रेक्षकाचा पाठीराखा होतो तो याच क्षणी.

फुटबॉलपुरतेच बोलावयाचे तर कोल्हापूरचे उदाहरण पुरेसे आहे. तेथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, खंडोबा तालीम, शिवाजी तरुण मंडळ असे संघ पेठांच्या आणि तालमींच्या नावांनी खेळतात आणि शाहू स्टेडियम त्यांच्या समर्थकांनी भरते. तेथे गल्लीतला मुलगा समज येण्यापूर्वीच एका संघाचा झालेला असतो. मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाची दोन रूपे आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा वगळला जातो, ‘आपण’मध्ये तो सामावला जातो. पेठेतील माणूस शेजाऱ्यास ‘आपण जिंकलो’ म्हणतो आणि दुसऱ्या पेठेच्या माणसास ‘आम्ही जिंकलो’ म्हणून सुनावतो. चेंडूस मात्र दोन्ही वेळी त्याचा पाय लागलेला नसतो. याउलट विद्यार्थी ‘आपल्या कॉलेजची टीम हरली म्हणे’ असे म्हणतो, तेव्हा ‘आपल्या’ या शब्दातील जवळीक ‘म्हणे’ या एका अव्ययाने नाहीशी होते. पाठीराखेपणाची याहून सोपी कसोटी नाही. कोल्हापुरात समर्थकांच्या हाणामाऱ्यांमुळे सामने थांबवावे लागल्याचे प्रसंगही घडले आहेत, हे येथे नमूद केले पाहिजे. ‘आम्ही’ फार तीव्र झाले की ते मैदानाबाहेर सांडते.

लहान महाविद्यालयास हे साधेल काय, अशी शंका येईल. अमेरिकेतील इंडियाना राज्यात वॉबॅश आणि डीपॉ ही दोन छोटी महाविद्यालये आहेत. पैकी वॉबॅशची विद्यार्थिसंख्या हजाराच्या आतच आहे. तेथील फुटबॉल हा चेंडू हातात धरून खेळावयाचा निराळा खेळ असला, तरी प्रश्न तोच आहे. या दोघांत पहिला सामना 1890 मध्ये झाला, आणि 1932 पासून मोनॉन रेल्वेच्या इंजिनावरील एक घंटा विजेत्याकडे राहते. खेळाचा दर्जा देशातील मोठ्या विद्यापीठांच्या तोडीचा नसतो, आणि खेळाडूंस खेळासाठी शिष्यवृत्तीही नसते. तरी हंगामाच्या अखेरीचा हा एक सामना पाहण्यासाठी विद्यार्थी आणि माजी विद्यार्थी आवर्जून येतात. शेजारचा ठराविक प्रतिस्पर्धी, ठराविक काळ आणि हाती घेऊन मिरवता येईल अशी वस्तू एवढ्यावर हे उभे आहे.

पुण्याने याची उलट बाजूही पाहिली आहे. 2014 मध्ये इंडियन सुपर लीगमध्ये आलेला एफसी पुणे सिटी हा संघ बालेवाडीच्या क्रीडांगणावर खेळे. त्यास समर्थक लाभले, त्यांनी रंग आणि घोषही स्वीकारले. परंतु 2019 मध्ये संघ बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादच्या संघाने घेतली. पाठीराखे राहिले, पण पाठ राखावी असा संघ उरला नाही. महाविद्यालयाचे याच्या नेमके उलट आहे. संस्था तिच्या जागी स्थिर असते. बदलतात ते विद्यार्थी. दर तीन वर्षांनी पिढी पालटते, म्हणून पाठीराखेपण वरच्या वर्गाने खालच्या वर्गास शिकवावे लागते. त्यासाठी दरवर्षी निदान एक प्रसंग ठरलेला हवा. तो चुकला, तर तीनच वर्षांत शिकवणारेच उरत नाहीत.

यावरून निघणारा व्यावहारिक निष्कर्ष साधा आहे. चालत जाता येईल अशा अंतरावरील दोन महाविद्यालयांनी, स्पर्धेच्या चौकटीबाहेर, दरवर्षी ठरलेल्या दिवशी एक सामना आळीपाळीने एकमेकांच्या मैदानावर खेळावा. त्या दिवशी दुपारचे तास नसावेत, आणि दोन्हीकडचे विद्यार्थी समोरासमोरच्या बाजूंस बसावेत. यास मोठा खर्च नाही. आरोळी मुद्दाम शिकवावी लागणार नाही. ती नाट्यगृहातून मैदानापर्यंत आपली आपण येईल. हाणामारीचे भय आहेच, पण त्याचा बंदोबस्त सामन्यास माणसे आल्यावर करावयाचा असतो. आज ओस मैदानावर खेळणाऱ्या अकरा जणांना विजयानंतर ‘आम्ही जिंकलो’ एवढेच म्हणता येते. त्यांना ‘आपण जिंकलो’ म्हणता येण्यासाठी मैदानाच्या कडेला ऐकणारे कोणी असले पाहिजे.