स्वयंसेवी उपाहारगृह आणि अदृश्य श्रम

वाढप्याविना चालणारे भोजनगृह, अशी स्वयंसेवी उपाहारगृहाची व्याख्या सर्वसाधारणपणे केली जाते. ती अपुरी आहे. अमेरिकेतील हॉर्न अँड हार्डार्ट कंपनीची ‘ऑटोमॅट’ उपाहारगृहे या दृष्टीने अभ्यसनीय ठरतात. जर्मन यंत्रसामग्रीच्या साहाय्याने ती १९०२ मध्ये फिलाडेल्फियात व १९१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. भिंतीतील काचेच्या खणात पदार्थ ठेवलेला असे; फटीत पाच सेंटचे नाणे, म्हणजे निकेल, टाकून मूठ फिरवली की झडप उघडे. वाढपी नाही, म्हणून बक्षिसीही नाही. अल्प उत्पन्नाच्या ग्राहकास याचे मोल मोठे होते. तथापि भिंतीमागे रिकामे खण भरणारे कामगार होतेच, आणि निकेल मोडून देणाऱ्या स्त्रियाही. श्रम नाहीसे झाले नव्हते, नजरेआड गेले होते.

निकेलवर बेतलेल्या यंत्राने किंमतही जखडून टाकली. कॉफी १९५० पर्यंत पाच सेंटलाच मिळे. सहा-सात सेंट घेण्याची सोय यंत्रात नसल्याने दर वाढवायचा तो एकदम दुप्पट करावा लागला. (ग्राहकांना ते रुचले नाही, हे वेगळे सांगावयास नको.) १९७० च्या दशकात कंपनीने अनेक ऑटोमॅटच्या जागी बर्गर किंगची दुकाने थाटली, न्यूयॉर्कमधील अखेरचे ऑटोमॅट १९९१ मध्ये बंद झाले.